कोर्सवर्कमधून हाती काय आलं? संशोधन-कौशल्यांचा मागोवा लिहिण्याची पद्धत

पीएच.डी.च्या कोर्सवर्कची, म्हणजे प्रबंधाच्या कामाआधी द्याव्या लागणाऱ्या पेपरांची परीक्षा झाली, ५५ टक्क्यांची अट पार पडली, प्रमाणपत्र फाईलला लागलं, की बहुतेक संशोधक विद्यार्थी तो विषय बंद करतात. 'आता खरं काम' म्हणत क्षेत्रकार्याच्या, प्रयोगाच्या नाहीतर दफ्तराच्या मागे लागतात. पुढे संशोधन सल्लागार समितीच्या, म्हणजे आरएसीच्या बैठकीत कुणीतरी विचारतं, "कोर्सवर्कमध्ये काय शिकलात?" उत्तर ठरलेलं असतं: संशोधन पद्धती, सांख्यिकी, संगणक, नीतिमत्ता. ही तर पेपरांची नावं झाली आणि ती गुणपत्रिकेवर छापलेलीच असतात. विचारणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: या पेपरांमुळे तुमच्या कामात नेमकं काय बदललं?

या प्रश्नाचं लेखी, पुराव्यासकट उत्तर कसं तयार करायचं, त्यासाठी हा लेख आहे. कौशल्य निर्णयांमध्ये दिसतं, असं माझं ठाम मत आहे. आधी तुम्ही एक गोष्ट एका पद्धतीने केली असती, आता वेगळ्या पद्धतीने करता आणि तसं का करता ते सांगू शकता. एवढं कागदावर दाखवता आलं की मागोवा झाला. 'आत्मविश्वास वाढला', 'दृष्टी व्यापक झाली' ही वाक्यं खरी असली तरी त्यांवरून वाचणाऱ्याला काहीच तपासता येत नाही.

चौकट थोडक्यात

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. संशोधन पद्धतीचा पेपर आणि 'संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता' हा पेपर त्यात असावाच लागतो. नीतिमत्तेचा पेपर २ क्रेडिटचा, ३० तासांचा आणि सहा घटकांचा आहे. उरलेली क्रेडिट विद्यापीठं आपापल्या पद्धतीने विषयाचे पेपर, साहित्य आढावा, सेमिनार यांत वाटतात. दर सत्रात आरएसीपुढे सादरीकरण करून प्रगतीचा छोटा अहवाल द्यायचा, असंही ही नियमावली सांगते. मागोव्याचा पहिला उपयोग तिथेच होतो. दुसरा उपयोग प्रबंधातल्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात आणि तिसरा नोकरीच्या मुलाखतीत. बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची अधिछात्रवृत्ती घेणाऱ्यांना प्रगती अहवाल द्यावेच लागतात, त्यांनाही हे लिखाण आयतं हाताशी राहतं.

लिहायला बसायचं ते निकाल लागल्यानंतर लगेच, फार तर महिनाभरात. नवी पद्धत अंगवळणी पडली की आपण आधी कसं करत होतो तेच आठवेनासं होतं. 'हे तर मला आधीपासूनच येत होतं' असं मन सांगू लागतं आणि मग लिहिण्यासारखं काही उरत नाही.

पहिली पायरी: जुने कागद बाहेर काढा

आठवणीवर विसंबून मागोवा लिहू नका. आधी कागद गोळा करा. पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिल्यानंतर प्रवेशाच्या मुलाखतीला नेलेला पहिला आराखडा, सिनॉप्सिसचे (संशोधनाच्या सविस्तर आराखड्याचे) सगळे मसुदे, गाईडने लाल शाईने रंगवलेले असाइनमेंट, सेमिनारची स्लाइड, प्रश्नावलीची पहिली प्रत, वहीच्या मागच्या पानावर केलेली संदर्भांची यादी, गाईडशी झालेले ईमेल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फाईलीही शोधा. कित्येकांचा पहिला मसुदा फक्त तिथेच शिल्लक असतो.

हे सगळं एका फोल्डरमध्ये टाका आणि फाईलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. म्हणजे फाईली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' अशा नावांच्या फाईलींत कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे वर्षभराने तुम्हालाही सांगता येणार नाही. जुन्या मसुद्यावरच नवा मसुदा लिहून सेव्ह करायची सवय असेल तर ती आजच सोडा. पहिला मसुदा ओबडधोबड असतो म्हणून तो लपवावासा वाटतो, पण या कामात सगळ्यांत मोलाचा कागद तोच आहे. तो नसेल तर बदल दाखवणार कशाच्या तुलनेत?

काही जणांकडे असं काहीच उरलेलं नसतं. त्यांनी परीक्षेच्या वह्या आणि ईमेलमधले संवाद यांवरून जमेल तेवढं उभं करावं, आणि कुठली गोष्ट कागदावरून लिहिली आहे व कुठली आठवणीतून, हे स्पष्ट नोंदवावं. हीसुद्धा संशोधनाचीच शिस्त आहे.

दुसरी पायरी: पेपरचं नाव मोडून त्यातली कामं काढा

'साहित्य आढावा' हे कौशल्याचं नाव म्हणून फारच मोठं आहे. त्याच्या पोटात किती कामं आहेत ते बघा: शोधायचे शब्द ठरवणं, कुठे शोधायचं ते ठरवणं, सापडलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निकष ठरवणं, लेखातला दावा व त्याचा आधार वेगळा काढणं, दोन अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नसतील तर त्याचं कारण शोधणं, आणि या सगळ्यातून आपल्या प्रश्नाची जागा दाखवणं. यांतली दोन कामं तुम्हाला उत्तम जमत असतील, दोन जेमतेम आणि एक अजिबात नाही. 'साहित्य आढावा शिकलो' असं लिहिलं की ही सगळी माहिती गाडली जाते.

म्हणून प्रत्येक पेपरसाठी कागदावर 'मी आता ... करू शकते' किंवा 'करू शकतो' अशी वाक्यं लिहा आणि रिकाम्या जागी प्रत्यक्ष क्रियापद येऊ द्या: निवडणं, मोजणं, तपासणं, नाकारणं, पुन्हा लिहिणं. 'समजणं' आणि 'जाणणं' इथे चालणार नाहीत. वाक्यं सुचत नसतील तर ब्रिटनमधल्या व्हिटे (Vitae) या संस्थेने २०१० मध्ये आणलेली संशोधक विकासाची चौकट बघा. तिच्या त्या मूळ रूपात कौशल्यांची चार गटांत मांडणी होती: ज्ञान व बौद्धिक क्षमता, वैयक्तिक परिणामकारकता, संशोधनाचं नियमन व संघटन, आणि समाजाशी संवाद व प्रभाव. ब्रिटनमध्ये पीएच.डी. करणाऱ्या मराठी मुलांना ती ठाऊक असेल. आपल्याकडे तिची सक्ती नाही आणि ती जशीच्या तशी उतरवण्यात अर्थही नाही. पण तिसरा आणि चौथा गट आपल्या मागोव्यातून हमखास सुटतो, त्याची आठवण तिच्यामुळे राहते.

यादी पंधरा-वीस वाक्यांची होईल. त्यांतली चार किंवा पाचच निवडा. निवडीचा निकष एकच: ज्यात आधीचा आणि नंतरचा कागद दोन्ही तुमच्याकडे आहेत.

तिसरी पायरी: आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेते. समजा, एका विद्यार्थिनीचा विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. दसरा-दिवाळीनंतर ही माणसं कारखान्यांच्या भागात जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचं जवळजवळ अर्धं वर्ष त्यातच जातं.

तिच्या पहिल्या मसुद्यातला प्रश्न असा होता: 'स्थलांतरामुळे मुलांच्या शिक्षणाचं नुकसान होतं असं तुम्हाला वाटतं का? होय / नाही.' कोर्सवर्कच्या आधी हा प्रश्न तिला अगदी सरळ वाटला असेल. प्रश्नावलीच्या तासांनंतर तो पुन्हा वाचला की त्यातले दोष दिसू लागतात. उत्तर प्रश्नातच पुरवलेलं आहे. 'स्थलांतर' हा शब्द अहवालातला आहे, माणसं म्हणतात 'तोडीला जाणं'. समोर वही घेऊन बसलेल्या शिकलेल्या मुलीला 'नाही' म्हणणं अवघड, म्हणून भिडेखातर 'होय' येणार. आणि शंभर जणांनी 'होय' म्हटलं तरी मुलं कुठे होती, शाळेत किती दिवस गेली, हे कळणारच नाही.

तिसऱ्या मसुद्यात त्याच जागी हे आहे: 'मागच्या दिवाळीनंतर तुम्ही तोडीला गेलात तेव्हा घरातलं प्रत्येक मूल कुठे होतं? एकेकाचं सांगा.' पुढे नोंदीचे रकाने: सोबत, गावी नातेवाइकांकडे, हंगामी वसतिगृहात, इतर. आता मत विचारलेलं नाही, घडलेलं विचारलं आहे. काळ ठरलेला आहे आणि तो सणाने सांगितला आहे, कारण तारखेपेक्षा सण जास्त पक्का लक्षात राहतो. हे दोन प्रश्न शेजारी ठेवले की 'प्रश्नावली तयार करण्याचं कौशल्य' वेगळं सांगावं लागत नाही.

याहून खोल बदल असतो तो एकक निवडण्यातला. सिनॉप्सिसमध्ये तिने 'कुटुंब' हे एकक धरलं होतं, त्याची व्याख्या न करता. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी, एकत्र राहणारी माणसं. पण तोडीच्या व्यवहारात हिशोब चालतो कोयत्याने: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा. मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. गावी एकच चूल असलेल्या दोन भावांचे दोन कोयते असू शकतात आणि दोघांची मुलं एकाच आजीजवळ गावी राहिलेली असू शकतात. अशा घराची मोजणी कशी करायची, हा प्रश्न ज्याला पडला त्याला नमुना निवड समजू लागली. पाठ्यपुस्तकातले यादृच्छिक, स्तरित आणि सोयीस्कर नमुन्याचे प्रकार तोंडपाठ असणारा विद्यार्थी कित्येकदा इथेच अडखळतो.

चौथी पायरी: परिच्छेद लिहा

एका कौशल्यासाठी एक परिच्छेद पुरे. त्यात चार गोष्टी याव्यात: आधी काय केलं होतं, कशामुळे बदललं, आता काय ठरवलं व त्याचा पुरावा कुठे आहे, आणि अजून काय जमत नाही. चौथी गोष्ट लोक टाळतात. पण आरएसीच्या सदस्याला तुम्ही खरं लिहिताय की नाही हे तिच्यावरूनच समजतं.

नेहमी आढळणारा परिच्छेद असा असतो: 'कोर्सवर्कमुळे मला नमुना निवडीचे विविध प्रकार सखोलपणे समजले. तज्ज्ञांच्या मार्गदर्शनामुळे माझ्या ज्ञानात मोलाची भर पडली असून याचा माझ्या संशोधनाला निश्चितच फायदा होईल.' यातलं नाव बदलून हा परिच्छेद कोणत्याही विद्यापीठातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला देता येईल.

आता हा वाचा:

'सिनॉप्सिसमध्ये मी एकक "कुटुंब" धरलं होतं आणि त्याची व्याख्या केली नव्हती. नमुना निवडीच्या असाइनमेंटवर गाईडनी समासात "कुटुंब म्हणजे कोण?" एवढंच लिहिलं. पायलटच्या वेळी मुकादमाच्या वहीत नोंदी कोयत्यावार दिसल्या. फक्त कोयता धरला तर गावी राहिलेली मुलं आणि त्यांना सांभाळणारी आजी सुटते. फक्त कुटुंब धरलं तर दोन भावांच्या वेगवेगळ्या उचलीचा हिशोब एकात मिसळतो. म्हणून उचल व मजुरीची माहिती कोयत्यावार आणि मुलांची माहिती चुलीवार घ्यायचं ठरवलं. पुरावा: मुलाखत अनुसूचीचा मसुदा १ आणि ३. अजून न जमलेलं: या दोन पातळ्यांवरची माहिती विश्लेषणात एकत्र कशी बांधायची, हे मला येत नाही.'

हा परिच्छेद दुसऱ्या कुणाला देता येत नाही. शिवाय शेवटच्या ओळीमुळे समितीतला सांख्यिकी जाणणारा सदस्य लगेच मदतीला येतो, कारण त्याला नेमकी अडचण कळलेली असते. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एककाचं समर्थन करायची वेळ येईल तेव्हा यातला अर्धा मजकूर तसाच वापरता येईल, हा वरचा फायदा.

भाषेबद्दल एक सूचना. प्रबंध इंग्रजीत असला तरी मागोव्याचा पहिला खर्डा मराठीत लिहा. परक्या भाषेत लिहिताना तयार वाक्यं हाताशी येतात आणि विचार त्यांच्यामागून फरफटत जातो. मराठीत आपल्याला काय म्हणायचं आहे ते आधी सापडतं. भाषांतर नंतर करता येतं.

शोध घेण्याची नोंद

साहित्य शोधाचा पुरावा म्हणजे शोधनोंदीची वही. ती ठेवली नसेल तर आता सुरू करा: तारीख, कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, किती सापडलं, किती ठेवलं, बाकीचं का सोडलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर भारतातले प्रबंध मिळतात, पण एकच शब्द टाकून थांबलं तर बरंच हातचं सुटतं. मराठीत 'ऊसतोड', 'ऊसतोडणी', 'तोडणी कामगार'. इंग्रजीत 'केन कटर', 'केन हार्वेस्टर', 'सीझनल मायग्रंट'. शिवाय मराठी शब्दाचं रोमन स्पेलिंग कुणी कसं केलं असेल त्याचा नेम नाही. पहिल्या सेमिनारच्या वेळी एका शब्दावर शोध घेतला होता आणि आता सात-आठ रूपांवर घेता, हे वहीतल्या दोन पानांवरून दिसतं. संदर्भ झोटेरोसारख्या मोफत साधनात ठेवत असाल तर तिथली टिपणंही पुरावाच आहेत. मात्र 'झोटेरो वापरता येतं' हे कौशल्य म्हणून लिहू नका. त्यात भरलेल्या लेखांवर तुम्ही काय नोंदवलं ते दाखवा.

सांख्यिकीचा मागोवा जपून लिहा

इथे सगळ्यांत जास्त फुगवून लिहिलं जातं. 'एसपीएसएस (सांख्यिकीचं सॉफ्टवेअर) शिकलो' म्हणजे बटणं कुठे आहेत ते कळलं. कौशल्य पुढे आहे. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर कधी न पाहिलेला आउटपुट समोर ठेवा आणि तो आकडेवारी न शिकलेल्या माणसाला तीन-चार वाक्यांत सांगून बघा.

पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आलं, याचा अर्थ काय? दोन गटांत मुळात फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी आहे. फरक मोठा आहे किंवा महत्त्वाचा आहे, असं ते सांगत नाही. नमुना पुरेसा मोठा असेल तर किरकोळ फरकही 'सार्थ' ठरतो. दुसरी नेहमीची गल्लत क्रॉनबॅकच्या अल्फाची. तो ०.७० च्या वर आला की 'प्रश्नावली प्रमाणित झाली' असं सर्रास लिहिलं जातं. अल्फा सांगतो ते प्रश्नांच्या अंतर्गत सुसंगतीबद्दल, म्हणजे विश्वसनीयतेच्या एका बाजूबद्दल. प्रश्नावली तुम्हाला जे मोजायचं आहे तेच मोजते का, हा वैधतेचा प्रश्न शिल्लकच राहतो. सगळे प्रश्न एकमुखाने चुकीचीच गोष्ट मोजत असले तरी अल्फा झकास येईल.

तुमच्या जुन्या असाइनमेंटमध्ये असं एखादं वाक्य असेल तर तेच उचला. आधीचं वाक्य, त्यातली गल्लत, दुरुस्त केलेलं वाक्य. यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. आणि एखादी चाचणी तुम्ही फक्त वर्गात, सरांच्या डेटावर, पायरीपायरीने केली असेल तर तसंच लिहा.

नीतिमत्ता: टक्केवारीच्या पलीकडे

नीतिमत्तेच्या पेपरबद्दल विचारलं की बहुतेक उत्तरं साधर्म्याच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाच्या टक्केवारीवर येऊन थांबतात. नियम ठाऊक हवेतच. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साधर्म्याला दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० मध्ये असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण हे नियम पाठ असणं म्हणजे नीतिमत्तेचं कौशल्य नव्हे.

मराठीतून संशोधन करणाऱ्यांसाठी खरी कसोटी वेगळी आहे. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत उतरवून संदर्भ न देता वापरला, तर सॉफ्टवेअरच्या नजरेतून तो सहज निसटतो. साधर्म्य ४ टक्के येतं आणि चोरी तशीच राहते. टिपणं काढताना मूळ मजकूर, त्याचा अनुवाद आणि स्वतःचं मत हे तिन्ही वेगळं दिसेल अशी पद्धत तुम्ही कोर्सवर्कनंतर लावली असेल, तर टिपणवहीचं एक पान मागोव्याला जोडा. एआय साधन कुठे वापरलं, कशासाठी, त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मुळात जाऊन कसा पडताळला, याचीही नोंद इथेच यावी.

क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी संमतीबद्दल जरूर लिहावं. ऊसतोडीच्या उदाहरणात मजुरावर मुकादमाची उचल आहे. मुकादम शेजारी उभा असताना मजुराने मुलाखतीला 'हो' म्हटलं, तर ती संमती कितपत खरी? फॉर्मवर अंगठा आहे म्हणून कागद पूर्ण होतो, पण माणूस मोकळेपणाने बोललेला नसतो. म्हणून मुलाखती कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या झोपडीवर न घेता गावी परतल्यावर घ्यायच्या, किंवा बायकांशी वेगळं बोलायचं, असे निर्णय विद्यार्थी घेतात. असा एखादा निर्णय तुमच्याकडे असेल तर त्याला पूर्ण पान द्या. माझ्या मते साऱ्या मागोव्यात याहून मोलाचं काही नसतं.

नियतकालिक निवडणं हेही आता स्वतंत्र कौशल्य झालं आहे. आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामुळे 'यादीत आहे' म्हणून हात झटकता येत नाहीत. संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयातली आहेत का, लेखाची समीक्षा कशी होते, शुल्क कधी आणि कशासाठी मागतात, जुने अंक वाचायला मिळतात का, हे तुम्हालाच बघावं लागतं. आयएसएसएन ही फक्त ओळखसंख्या आहे, दर्जाची पावती नाही. दोन-तीन दिवसांत लेख स्वीकारून पैसे मागणाऱ्या ठिकाणाला तुम्ही नकार दिला असेल, तर तो ईमेल मागोव्याला जोडण्याजोगा पुरावा आहे.

इतिहास, साहित्य आणि प्रयोगशाळा

सगळी उदाहरणं समाजशास्त्रातली झाली, पण पद्धत हीच. मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्याने पहिल्या असाइनमेंटमध्ये बखरीतला प्रसंग जसाच्या तसा घेतला असेल आणि आता त्याच प्रसंगासाठी समकालीन पत्र शोधत असेल, तर ते दोन परिच्छेद शेजारी ठेवावेत. मोडी वाचन शिकला असाल तर आधी केलेलं लिप्यंतर आणि नंतरचं त्याच कागदाचं लिप्यंतर जोडा. कालगणनाही यातच येते: शके १६०० म्हणजे इसवी सन १६७८-७९, कारण शकात महिन्यानुसार ७८ किंवा ७९ मिळवावे लागतात. शुहूर सनाचं वर्ष मृगापासून धरतात आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात. पत्रावर नुसतं साल न लिहिता ते कसं काढलं हे तुम्ही टिपेत देऊ लागला असाल, तर हा बदल नोंदवण्यासारखाच आहे.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांकडे पुरावा तयारच असतो, तो म्हणजे लॅब नोटबुक. कोर्सवर्कच्या आधीचं एक पान आणि नंतरचं एक पान काढा. फसलेला प्रयोग नोंदवला आहे का, रसायनाचा बॅच क्रमांक आहे का, दुसऱ्या माणसाला त्या पानावरून तोच प्रयोग करता येईल का?

पाचवी पायरी: स्वतःची पातळी ठरवा

दहापैकी गुण देऊ नका. त्याला काही अर्थ नसतो. त्याऐवजी चार पातळ्या धरा: फक्त ऐकलं आहे, कुणाच्या मदतीने केलं आहे, एकट्याने केलं आहे, दुसऱ्याला शिकवलं आहे. प्रत्येक कौशल्यापुढे यांतली एक पातळी आणि तिचा पुरावा लिहा. आयोगाच्या नियमावलीत संशोधकांना अध्यापनाचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचं काम देता येतं. असं काम मिळालं असेल तर एम.ए.च्या मुलांना संदर्भ कसे द्यायचे किंवा नमुना कसा निवडायचा हे शिकवून बघा. विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच आपली पातळी कळते.

मग ही पातळी पुढच्या सत्राच्या कामाशी ताडून बघा. सगळी कौशल्यं चौथ्या पातळीला न्यायची गरज नाही. मुलाखतींवर उभ्या असलेल्या प्रबंधाला प्रगत सांख्यिकी 'मदतीने केलं आहे' इतपत असली तरी चालतं, पण मुलाखतीचं शब्दांकन आणि संकेतन (कोडिंग) करणं एकट्याला यायलाच हवं. ज्या कौशल्याशिवाय पुढचं सत्र अडेल, अशी दोनच निवडा आणि त्यांच्यापुढे नेमकं काम लिहा. 'क्वालिटेटिव्ह अ‍ॅनालिसिस शिकणे' असं नको. 'पायलटच्या दोन मुलाखतींचं संकेतन करून ते मैत्रिणीने केलेल्या संकेतनाशी ताडून बघणे' असं हवं.

कुणाला दाखवायचं आणि कुठे वापरायचं

पहिलं वाचन सोबतच्या संशोधकाकडून करून घ्या, शक्यतो दुसऱ्या विषयाच्या. त्याला एवढंच सांगा की ज्या वाक्यावर 'कशावरून?' असं विचारावंसं वाटेल त्याखाली रेघ मारायची. त्यानंतर गाईडकडे जा. सर किंवा मॅडम कामात असतात, म्हणून दहा पानं न देता चार परिच्छेद आणि 'अजून न जमलेलं' ची यादी एवढंच द्या. त्या यादीवर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलणं झालं तरी पुष्कळ.

आरएसीसमोर सगळे परिच्छेद वाचू नका. एका स्लाइडवर आधीचा आणि नंतरचा प्रश्न, किंवा आधीचं आणि नंतरचं विधान दाखवा, दोन मिनिटं बोला आणि लगेच पुढच्या सत्राच्या दोन कामांवर या. समिती बहुतेक वेळा त्या दोन कामांवरच बोलते आणि तुम्हालाही तेच हवं असतं.

सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला जाताना चार परिच्छेदांपैकी कोणताही एक दीड मिनिटात तोंडी सांगता यायला हवा. परदेशात पोस्टडॉकसाठी अर्ज करणाऱ्यांनी त्यातून स्थानिक शब्दांचा अर्थ वाक्यातच उलगडून सांगायची सवय करावी. 'कोयता' हे एकक समजावताना तुमची पद्धत आपोआप समजावली जाते.

पुढच्या सत्राच्या आरएसीआधी याच फाईलची नवी प्रत काढा आणि पहिली तशीच राहू द्या. 'अजून न जमलेलं' मधल्या ज्या ओळी आता जमल्या, त्यांच्यापुढे पुरावा आणि तारीख लिहा. ज्या तशाच राहिल्या, त्या अहवालात वरच मांडा आणि त्यासाठी कोणती कार्यशाळा, कोणता तज्ज्ञ किंवा किती वेळ हवा आहे, ते समितीकडे लेखी मागा.